खाडीकडून दुसरं घर

आमच्या घरात बुद्धिबळ फक्त मला येतं, असा माझा बरीच वर्षं समज होता, आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. रोह्याजवळच्या धाटावला नव्या नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. त्यातल्या एका कंपनीत मी ऑपरेटर होतो. शिफ्ट सुटली की बस येईपर्यंत गेटजवळच्या शेडखाली पट मांडला जायचा, बघे जमायचे आणि मी जिंकायचो. सभ्यपणे गप्प बसून जिंकण्यातला मी नव्हे. समोरच्याला चिडवत, त्याच्या वजिराची चौकशी करत, बघ्यांना डोळा मारत जिंकायचो. समोर बहुतेक वेळा एकच माणूस असायचा, माझ्याच शिफ्टमधला माझा मित्र. तो रोज हरायचा आणि रोज पुन्हा बसायचा. त्याच्या चिकाटीचं मला तेव्हा हसू यायचं.

रविवारच्या पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर बुद्धिबळाचं कोडं असायचं. पटाचं एवढंसं चित्र, त्यावर थोडीच मोहरी, आणि खाली एक ओळ: पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात द्यावी. उत्तर पुढच्या रविवारी. मला पुढचा रविवार कधी लागलाच नाही. चहा गार व्हायच्या आत मी कोडं सोडवायचो आणि पेपर असा काही खाली टाकायचो की बायकोनं विचारावं, सुटलं का. ती विचारायची नाही. ती पेपर उचलायची, घडी घालायची आणि बंबाशेजारच्या रद्दीत ठेवायची. पाणी तापवायला आमच्याकडे तेव्हा तांब्याचा बंब होता आणि पेपरचा खरा उपयोग तिच्या लेखी तोच होता.

ती पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावची. घराण्यात मिठागराचं काम. सातवीपर्यंत शिकलेली, पेपर नीट वाचायची, पण बोलणं माहेरचं ते माहेरचंच राहिलं. रोह्याला आल्यावर शेजारणी तिच्या बोलण्याला हसायच्या, तेव्हा तीही त्यांच्यात मिसळून हसायची. तिला कशाचं काही वाटत नाही असं मला वाटायचं. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी तिला बऱ्यापैकी ओळखतो, हाही माझा एक समज होता.

मग एका सकाळी पाईपच्या जोडातून कॉस्टिक सोड्याचा फवारा उडाला. घामानं काच धुरकटली म्हणून गॉगल नेमका कपाळावर होता. सोबत्यांनी मला उचलून नळाखाली धरलं आणि माझी ओरड न ऐकता धरूनच ठेवलं, म्हणून पुढचं सगळं घडू शकलं. पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. आत किती नुकसान झालंय ते पट्टी कायमची काढू तेव्हाच कळेल, म्हणाले. औषध घालायला पट्टी सोडली तरी डोळे मिटलेलेच ठेवायचे, जोरात खोकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. असं सगळं सांगून त्यांनी मला रोह्याला घरी पाठवलं.

घरी आलो आणि माणसं बघायला येऊ लागली. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला येतात, त्यात त्याला काय दिसतं याचा विचार नसतो. खाटेभोवती बसून मंडळी माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलायची. कुणाच्या मेव्हण्याचे डोळे असेच गेले होते, कुणाच्या चुलत्याला आता काठी लागते, असल्या एकेक गोष्टी. आपले डोळे गेले म्हणजे कानही गेले असं लोकांना का वाटतं कोण जाणे. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि मनाशी एकच घोकायचो: डोळे गेले तर गेले, डोकं शाबूत आहे. डोक्यावर मी काहीतरी करीन. त्या दिवसांत मला धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं.

रविवारी मित्र पेपर घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "काय रे, आता तरी मना एक डाव जिंकू दे." मला बरं वाटलं, कारण एवढं साधं माझ्याशी दुसरं कुणी बोललं नव्हतं. तो गेल्यावर मी बायकोला हाक मारली.

"अगो, पेपर आण. शेवटून दुसरं पान. चौकटींचं चित्र आहे, ते मला सांग."

"चित्र कसा सांगू?" ती म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. पेपरातलं चित्र लहान, चौकटींना आकडे नाहीत, अक्षरं नाहीत. पांढरा राजा कुठला, काळं प्यादं कुठलं, हे घरातली मोहरी रोज पुसत असल्यानं तिला चित्रांवरून लगेच कळलं, पण ते कुठे आहे हे सांगता येईना. "हितं," ती म्हणायची. "त्याच्या बाजूला." मी ओरडलो. तिनं पेपर खाली ठेवला, भात उतरवून आली आणि पुन्हा बसली.

"थांबा. मी माझ्या परीनं सांगतंय," ती म्हणाली. "ह्यो आमचा आगर समजा."

आगर म्हणजे मिठागर. तिनं कागदावर तिच्या माहेरचं मिठागर मांडलं. चौकटी म्हणजे मिठाचे वाफे. डावीकडून उजवीकडे उभ्या रांगा, आणि प्रत्येक रांगेला तिथं राबणाऱ्या माणसाचं नाव. पहिली आज्याची. मग थोरल्या काकाची, मग बापाची, मग मधल्या काकाची, धाकट्या काकाची, आत्याची, मामाची, आणि अगदी उजवीकडची आठवी मालकाची, कारण ज्याचं आगर त्याला सोडून कसं चालेल. रांगेतला वाफा कितवा हे मोजायचं खाडीकडून, कारण भरतीचं पाणी तिथूनच आत घेतात आणि मोजणी तिथूनच सुरू होते. मला गंमत वाटली. मनात म्हटलं, ठीक आहे. खाडी म्हणजे पहिली ओळ. पहिली ओळ पांढऱ्याच्या बाजूची. पेपरात पांढरा नेहमी खालीच असतो.

"काळा राजा आज्याच्या रांगेत, खाडीकडून दुसरा," ती सांगू लागली. "त्याच्या पुढ्यात तिसऱ्यात काळा प्यादा. एक काळा घोडा आज्याच्याच रांगेत पार पयल्या वाफ्यात, आन दुसरा मधल्या काकाच्या दुसऱ्यात. काळा प्यादा आनखी एक, थोरल्या काकाच्या दुसऱ्यात. आता पांढरं सांगतंय. वजीर मालकाच्या रांगेत, पयल्याच वाफ्यात, कोपऱ्यावर. बापाच्या रांगेत दुसऱ्यात प्यादा. आज्याच्या चौथ्यात एक प्यादा. आन पांढरा राजा बापाच्याच रांगेत, पाचव्यात."

तिनं हे एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्या वेळी पेपर न बघता सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे पट्टीच्या आत, पट उभा राहिला. मी खूश होऊन म्हणालो, आता चहा टाक, तो गार होईपर्यंत सोडवतो.

चहा गार झाला आणि मी तो तसाच प्यायलो. कोडं काही सुटलं नाही.

संध्याकाळी सुटलं नाही, दुसऱ्या दिवशी सुटलं नाही. दोन चालींची मात, मोहरी एवढी कमी, आणि मला रस्ता दिसेना. काळा राजा चालत चालत पांढऱ्याच्या घरात येऊन बसला होता. मला ते विचित्र वाटलं, पण कोडी रचणारे लोक विचित्रच असतात म्हणून सोडून दिलं. पांढऱ्याचा वजीर हलवून बघितला, राजा हलवून बघितला. बापाच्या रांगेतलं प्यादं तर अजून घरातून निघालेलंसुद्धा नव्हतं, त्याचा दोन चालींत काय उपयोग? उलट काळ्याचंच एक प्यादं शेवटच्या घराच्या दारात येऊन उभं होतं. पांढऱ्यानं मात द्यायची सोडून आधी स्वतःचा जीव वाचवावा असा तो पट होता.

मित्र मधल्या एका दिवशी दूध घेऊन डोकावला आणि म्हणाला, "सुटला ना रे कोडा? मस्त होता." म्हणजे त्याला सुटलं होतं. रोज माझ्याशी हरणाऱ्या माणसाला. मी म्हणालो, "त्याच दिवशी सुटलं. त्यात काय होतं?" तो आणखी बोलू लागला तसा मी विषय बदलला. बायको तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप जरा जोरातच पाखडलं.

त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. आतापर्यंत डोळ्यांची होती, आता डोक्याची. नळाखाली धरलं होतं तेव्हा ओरडता ओरडता मी बेशुद्ध पडलो होतो असं सोबती सांगायचे. वाफ नाकातोंडात गेली होती. त्यात डोक्यातलं काही जळालं असेल तर? माणसाला स्वतःचं डोकं बिघडलंय हे कळतं का, की ते फक्त इतरांना कळतं? मी पाढे म्हणून बघितले. कंपनीतले व्हॉल्व्ह ओळीनं आठवून बघितले. सगळं यायचं. आणि पुन्हा पटाकडे वळलो की तीच भिंत. आधी वाटलं होतं, डोकं आहे तर मी आहे. आता कळेना की मी आहे की नाही. जेवण जाईना, झोप येईना, आणि बघायला येणाऱ्यांवर मी वसवस करू लागलो. ते एक बरं झालं, लोक यायचे थांबले.

पुढचा रविवार आला. मित्र पेपर देऊन गेला. या पेपरात उत्तर होतं. मला ते माहीत होतं आणि बायकोलाही. दिवसभर मी तो मागितला नाही. रात्रही तशीच गेली. सकाळी मात्र माझा धीर सुटला. वाटलं, एकदा उत्तर कळलं तर निदान आपण कुठे अडलो ते तरी कळेल, मग काय व्हायचं ते होऊ दे. खरं सांगायचं तर मी हातपाय गाळले होते.

"अगो, कालचा पेपर आण. उत्तर वाच."

ती उठून खाटेपाशी आली. मग म्हणाली, "पेपर नाय."

"नाय म्हणजे?"

"बंबात घातला. तुमची आंघोळ त्याच्यावरच जाली."

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला एवढं सांगितलं तरी पुरे. ती ऐकत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "तुमी आज ना उद्या मागाल, ह्ये मना ठावं व्हतं. म्हून सकाळीच जाळला. तुमाला वाचून दावला असता, तर तुमी जल्मभर बोलले असते, मना सुटलंच नाय. आता तुमाला सोडवायलाच लागल."

"आणि नाही सुटलं तर? डोकंच बिघडलं असेल तर?"

भीती पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडली. मी हेही बोलून टाकलं की डोकं गेलेलं असेल तर डोळे उघडून तरी काय बघायचंय, मी पेणला पट्टी काढायला येणार नाही. रागात बोललो, पण खरंच बोललो. माझा तो निश्चय झाला होता.

तिनं माझी समजूत घातली नाही. देवाचं नाव घेतलं नाही, रडलीही नाही. भांड्यांचा आवाज झाला, मग फळीवरून काहीतरी काढल्याचा, आणि मग मोहरी खडखडली. तिनं पट माझ्यापुढे आणून ठेवला होता.

"मना शिकवा," ती म्हणाली.

"काय?"

"ह्यो खेळ. ह्ये सगलं कसं चालतात ते. तुमचं डोकं बिगडलंय ना? मंग शिकवताना चुकाल. चुकलात का कलंल."

आज इतक्या वर्षांनी मला तिच्या त्या बोलण्याचं फार कौतुक वाटतं. डॉक्टर तपासतात ते यंत्रानं. हिनं मला माझ्याच आवडीच्या कामाला लावून तपासायचं ठरवलं. तेव्हा मात्र मी नाक मुरडलं. पण मोहरं हातात आलं आणि बोटांना त्याची ओळख पटली, तसा मी बोलू लागलो. हा हत्ती, सरळ जातो. हा उंट, तिरका. घोड्याची अडीच घरं तिला पहिल्या खेपेलाच जमली. ती तोंडानं उजळणी करत पटावर मोहरी फिरवायची आणि माझा हात धरून त्यावर ठेवायची, बरोबर का म्हणून. तिच्या बोटांना मासळीचा वास होता. तिनं मला पकडण्यासाठी मुद्दाम उलटेसुलटे प्रश्न विचारले आणि मी एकातही चुकलो नाही.

शेवटी प्याद्यावर आलो. म्हणालो, "हे सगळ्यात गरीब. एक घर पुढे जातं, कधी मागे येत नाही. पार शेवटच्या ओळीला पोचलं की मात्र त्याचा वजीर होतो. वजीर नको तर हत्ती, घोडा, काय हवं ते."

"म्हंजी खाडीपरेंत गेला का?"

"खाडीपर्यंत कसं? खाडीपासून निघतं ते. पलीकडच्या टोकाला जातं."

"काळं खाडीपासना निघतात," ती म्हणाली. "पांढरं खाडीकं जातात. खाडी वरच हाय ना?"

"वर?"

"कागदाच्या वरल्या अंगाला. खाली आपलं घर. घराच्या ओट्यावरना बगितला का आगर पुढ्यात, आन खाडी पार तिकडं लांब."

माझ्या हातातलं प्यादं हातातच राहिलं. तिचं माहेरचं घर मी पाहिलं होतं. ओट्यावर बसलं की समोर मिठागर आणि शेवटी खाडीचा बांध, ही गोष्ट मी जावई म्हणून चहा पिता पिता पाहिलेली होती. तिनं पेपर हातात धरला तो त्या ओट्यावर बसल्यासारखा. खाली घर, वर खाडी. आणि मोजलं ते खाडीकडून, म्हणजे वरून. मी मात्र खाडी पांढऱ्याच्या पायाशी आणून ठेवली होती. इतके दिवस मी अख्खा पट उलटा धरून बसलो होतो.

"बापाच्या रांगेतलं पांढरं प्यादं कुठे आहे?" मी विचारलं.

"सांगितला ना, खाडीकडून दुसऱ्यात. बांधाला लागून. एक पाऊल ऱ्हायलाय त्याचा."

बस्. एवढंच हवं होतं. पट गर्रकन फिरला आणि सरळ झाला. काळा राजा आता स्वतःच्या घरात, कोपऱ्याला चिकटून, आपल्याच घोड्याप्याद्यांच्या गर्दीत बसलेला होता. पांढरं प्यादं पुढे सरकलं तर त्याला पळायला एकच जागा उरते, थोरल्या काकाच्या रांगेतलं बांधालगतचं घर. पांढऱ्याचा वजीर मालकाच्या रांगेतून थेट त्याच घरात येऊन उभा राहतो, मरायला. राजाला तो मारता येत नाही, कारण बापाच्या रांगेतलं प्यादं त्याच्या पाठीशी आहे. मधल्या काकाच्या रांगेतला घोडा येऊन त्याला मारतो, मारावंच लागतं. आणि मारून तो राजाची ती एकुलती एक मोकळी जागा अडवून बसतो. मग ते प्यादं ते शेवटचं पाऊल टाकतं आणि वजीर होत नाही, घोडा होतं. शह आणि मात. राजाला हलायला तसूभर जागा नाही आणि त्या घोड्याला मारणारं कुणी नाही.

मी आधी ओरडलो ते तिच्यावरच. "अगो, खाडी वर कुठे असते? जगात कुणी पट वरून मोजतं का?"

तिनंही आवाज चढवला. "आनि पानी खालना वर चढतं व्हय? जिथना पानी येतं तिथनाच मोजायचं. तुमी इचारला व्हता का, खाडी कुठं हाय म्हून?"

विचारलं नव्हतं. एवढा मोठा खेळाडू मी, पण ज्या माणसाच्या डोळ्यांनी बघत होतो ते माणूस कुठे उभं राहून बघतंय हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मला हसू यायला लागलं. हसता हसता ते हसू कुठेतरी फाटलं आणि पट्टी आतून ओली होऊ लागली. डोकं शाबूत होतं. ते कुठे जळालं नव्हतं, बिघडलं नव्हतं, त्यानं उलट्या पटावरही इमानानं काम केलं होतं, तिथे मात नव्हतीच म्हणून ती सापडली नव्हती. मी पुरता मोकळा झालो होतो.

"रडू नका," ती घाबरून म्हणाली. "डाक्टरांनी नाय सांगितलाय. अवो, रडू नका ना." तिला रडायला कुणी मनाई केली नव्हती, तरी तीही मोठ्यानं रडली नाही. पदराचं टोक माझ्या पट्टीच्या कडेला लावून ती ओल टिपत राहिली.

मग मी तिला ती मात पटावर लावून दाखवली. तिनं ती स्वतः पुन्हा लावली. प्याद्याचा वजीर का केला नाही असं विचारलं. मी म्हणालो, वजीर तिथून शह देत नाही, राजा त्याच्या सरळ रेषेतही नाही आणि तिरक्यातही नाही, करून बघ. तिनं करून बघितलं. वजिराला तिनं परत डब्यात टाकलं आणि घोडा उभा केला. बोटांनी एकेक मोहरं चाचपून ती त्या राजाची सुटका शोधत असावी, कारण शेवटी म्हणाली, "नाय. खरंच कुठं जागा नाय." तेव्हा मला कळलं की तिला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता, स्वतःची खात्री करून घ्यायची होती. मी खेळायला शिकवलेल्यांपैकी असं करणारी ती पहिली. पुढे बऱ्याच जणांना शिकवलं, पण असं करणारं कुणी भेटलं नाही.

पेणला जायच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. मी येणार नाही असं म्हटलेलं तिनं एकदाही काढलं नाही. कोलाडला गाडी थांबली, पुढे खांब मागे पडलं, हे मला वळणांवरून आणि उतरणाऱ्या माणसांच्या बोलण्यावरून कळत होतं. डोळ्यांची धास्ती मात्र होतीच. डोकं शाबूत निघालं म्हणून डोळे येतीलच असं थोडंच होतं? तिनं पिशवीतून नव्या रविवारचं पान काढल्याची सळसळ ऐकू आली. "सांगू?" म्हणाली. "आता खाडी खाली घेतलीय." मी म्हणालो, वरच असू दे, मला आता तशीच सवय झालीय. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघतोय असं ती हळूच म्हणाली आणि आम्ही दोघं हसलो. ते कोडं नागोठण्याच्या आत सुटलं.

डॉक्टरांच्या खोलीत अंधार केला होता. पट्टीचे वेढे सुटत गेले. डॉक्टर म्हणाले, आता सावकाश उघडा. मी उजवा डोळा उघडला तेव्हा आधी नुसता उजेड आला, मग त्यात एक पांढरा कोट, मग खिडकीची चौकट, आणि त्या चौकटीशेजारी ती उभी. साडी कुठली ते मला आजही सांगता येईल. चेहरा वाळला होता. इतक्या दिवसांत ती किती वाळली आहे हे तिच्या आवाजावरून मला कळलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि डावा उघडायला सांगितला. मी उघडला. उघडलाय की नाही म्हणून बोट लावून बघितलं. त्यांनी बॅटरी मारली, बोटं नाचवली, पुन्हा बॅटरी मारली. राखाडी धुकं होतं आणि त्यात काही हलत नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले की हा डोळा परत यायचा नाही, एक वाचला हेच खूप समजा. मी मान हलवली. आपण कोसळू असं मला वाटलं होतं. मी कोसळलो नाही, पण उठावंसं वाटत नव्हतं.

ती पुढे आली. डॉक्टरांना तिनं काहीच विचारलं नाही. मला विचारलं, "कंच्या बाजूचा?"

"डावा," मी म्हणालो.

तोवर ती आमच्याकडच्या बायकांसारखी रस्त्यात माझ्या मागून चालायची. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऊन होतं, खाली सायकली, हातगाड्या, एसटी स्टँडची गर्दी. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, वळसा घालून माझ्या डाव्या अंगाला आली आणि माझा दंड धरून पायरी उतरू लागली. त्या बाजूचं जग मी तेव्हापासून तिच्याकडूनच ऐकतो. आता आम्ही दोघंही म्हातारे झालो, तिचे गुडघे दुखतात, तिला माझ्यासारखं भरभर चालवत नाही. रस्त्यानं निघालो की मी चाल धीमी करतो आणि ती डावीकडे येऊन पोचेपर्यंत थांबतो.